भिंत बांधता बांधता शिकलेले लोक

वाचन : नहेम्या अध्याय 2 ते 4 आणि 7:1-3, 1 पेत्र 4:10



यावल, चोपडा, शिरपूरच्या पाड्यांवरून शिकायला आलेली मुले-मुली बारावीनंतर मला एक प्रश्न हमखास विचारतात : "ताई, कॉम्प्युटरचं पुढचं काही फुकट शिकता येईल का?" एमएस-सीआयटी बहुतेकांनी केलेली असते. त्यात संगणक वापरायला शिकवतात. संगणकाला काम सांगायला, म्हणजे कोडिंग करायला शिकायचे, तर शहरातल्या क्लासची फी ऐकूनच मुले गप्प होतात. घरी आईवडील ऊसतोडीला किंवा गुजरातेत मजुरीला गेलेले असतात. फी मागायची कोणाकडे?

या प्रश्नाला 'हो' असे उत्तर देता येते. पण त्या 'हो'मागे काही अटी आहेत, आणि त्या समजून घ्यायला नहेम्याचे पुस्तक फार उपयोगी पडते.

आधी कोडिंग म्हणजे काय ते पाहू. संगणकाला क्रमाने आणि चुकीला जागा न ठेवता दिलेल्या सूचना म्हणजे कोड. "तांदूळ वीस किलोपेक्षा कमी झाला, तर त्याच्यासमोर लाल खूण कर" ही वसतिगृहाच्या कोठीची सूचना संगणकाच्या भाषेत लिहिली की झाला एक लहानसा कोड.

आता फुकट शिकण्याविषयी. क्विन्सी लार्सन नावाच्या एका अमेरिकन गृहस्थांनी 2014 साली 'फ्रीकोडकॅम्प' सुरू केले. ते आधी शिक्षणक्षेत्रात होते आणि कोडिंग स्वतःच, तिशीत, शिकले. तिथे फी नाही. ही संस्था देणग्यांवर चालते. शिकण्याची रीत अशी की नुसते धडे वाचून पुढे जायचे नाही, प्रत्येक टप्प्यावर काहीतरी बांधून दाखवायचे. वेबपाने शिकण्याच्या पहिल्या प्रमाणपत्रासाठी पाच कामे ठेवली होती. त्यांत माहिती भरून घेण्याचा अर्ज आणि एखाद्या व्यक्तीला आदरांजली वाहणारे पान ही दोन होती. सुरुवातीच्या काळात धडे पुरे केलेले विद्यार्थी सेवाभावी संस्थांसाठी खरीखुरी कामे करून देत. संस्थेला पैसे मोजावे लागत नसत आणि शिकणाऱ्याला अनुभव मिळे.

हे धडे मुख्यतः इंग्रजीत आहेत. मराठीतून सुरुवात करायची असेल तर मुंबईच्या आयआयटीचा 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्प आहे. साधारण दहा-दहा मिनिटांचे पाठ, त्यांतले पुष्कळ मराठी आवाजात, आणि तेही विनामूल्य. ते संगणकावर उतरवून घेता येतात, म्हणून सातपुड्यात रेंज नसली तरी अडत नाही.

मोठी कामेही याच वाटेने उभी राहतात. आफ्रिकेतल्या रुग्णालयांच्या गरजेतून 2004 साली 'ओपनएमआरएस' ही रुग्णनोंदींची खुली प्रणाली सुरू झाली. तिच्यात जगभरच्या स्वयंसेवकांनी हात लावला. तिच्याच पायावर पुढे 'बाह्मनी' ही प्रणाली तयार झाली आणि ती आधी छत्तीसगडमधल्या गनियारीच्या जनस्वास्थ्य सहयोग या रुग्णालयात वापरात आली. तिथे येणाऱ्या रुग्णांत आदिवासी पुष्कळ आहेत.

आता शास्त्राकडे वळू. नहेम्याच्या तिसऱ्या अध्यायात नावांची लांबलचक यादी आहे. वाचताना आपण ती बहुधा ओलांडून जातो. पण थांबून पाहा : तिथे भिंत बांधणारा एक सोनार आहे, एक सुगंधी द्रव्ये करणारा आहे, याजक आहेत, व्यापारी आहेत. शल्लूम आपल्या मुलींसह बांधतो आहे. धंद्याने गवंडी असल्याची ओळख यांच्यापैकी कोणाची दिलेली नाही. दगडावर दगड ठेवता ठेवताच ते शिकले असतील. तरीही भिंत 52 दिवसांत पुरी झाली. या पुस्तकातून आपल्याला चार गोष्टी शिकता येतात.

पहिली, बांधण्याआधी पाहणी. दुसऱ्या अध्यायात नहेम्या रात्री निघतो आणि पडलेल्या वेशी स्वतः पाहतो. बोलतो तो नंतर. आपल्याकडे हे किती गरजेचे आहे! कोणी उत्साहाने हजेरीचे ॲप करील आणि मुलांना ओळखायला जन्मतारीख घेईल. पण पाड्यावरच्या कितीतरी मुलांच्या दाखल्यावर 1 जून हीच तारीख असते. अर्जात गावाचा रकाना असेल, पण पाड्याचा नसेल, तर एकाच गावाच्या पाच पाड्यांवरची मुले एकमेकांत मिसळतील. ऊसतोडीला आईवडिलांबरोबर गेलेले मूल 'गैरहजर' नव्हे, 'स्थलांतरित' आहे. या दोन शब्दांतला फरक कळला नाही तर त्या मुलाचे नाव पटावरून उडू शकते. म्हणून संगणक उघडण्याआधी पाड्यावर जाऊन बसावे. आणि इथेच आपली आदिवासी मुले शहरातल्या शिकलेल्यांच्या पुढे आहेत. ही पाहणी त्यांची जन्मापासून झालेली आहे.

दुसरी, आपल्या घरासमोरचा भाग. पुष्कळांनी आपापल्या घरासमोरची भिंत बांधली असे तिसरा अध्याय सांगतो. शिकणाऱ्याने पहिले काम जवळचे आणि लहान घ्यावे : वसतिगृहाच्या कोठीची नोंद, बालवाडीची हजेरी, या त्रैमासिकाच्या वर्गणीदारांची पत्त्यांची यादी. बांधलेले रोज नजरेसमोर असले की त्यातली चूकही रोज दिसते, आणि दुरुस्त करताना शिकणे होते.

तिसरी, कड्या आणि अडसर. वेशी बांधणाऱ्यांनी दारे बसवली आणि त्यांना कड्या व अडसरही लावले, असे त्या अध्यायात पुन्हा पुन्हा येते. माहितीलाही अडसर लागतो. मुलांची नावे, फोटो, आजार, जातीचे दाखले ही सरावाची सामग्री नव्हे. 2023 च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याने 18 वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानले आहे आणि पालकांच्या संमतीची अट घातली आहे. पण कायद्याच्या आधी प्रीतीची अट आहे. गरीब माणसाची माहिती सहज मिळते, कारण त्याला नाही म्हणायची सवय नसते. म्हणून शिकताना खोटी नावे आणि खोटे आकडे भरावेत. खरी माहिती जाणत्या माणसाने तपासल्यानंतर, परवानगी घेऊन, आणि लागेल तेवढीच भरावी.

चौथी, पहारा. भिंत झाल्यावर सातव्या अध्यायात नहेम्या द्वारपाळ नेमतो आणि वेशी केव्हा उघडायच्या तेही ठरवून देतो. सेवाभावी संस्थांची फुकट केलेली कामे बहुधा इथेच कोसळतात. करणारा विद्यार्थी नोकरीला लागतो, पासवर्ड त्याच्याच फोनमध्ये राहतो, आणि वर्षभराने संस्था पुन्हा वहीवर येते. म्हणून तीन नियम पाळावेत : पासवर्ड संस्थेकडे असावा; कसे चालवायचे ते साध्या मराठीत दोन पानांवर लिहून ठेवावे; आणि एकाऐवजी दोघांनी मिळून काम करावे. एखादे तयार, खुले साधन पुरत असेल तर नवे बांधूच नये.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. 'सेवा' या शब्दाआड कोणाचे श्रम फुकट लाटू नयेत. शिकणाऱ्या मुलाकडून संस्थेने वर्षानुवर्षे बिनपगारी काम करून घेणे हा अन्यायच आहे. मजूर आपल्या मजुरीस योग्य आहे, हे प्रभूने सांगितले आहे. कामाला आधीच मुदत असावी, शेवटी केलेल्या कामाचे लेखी पत्र द्यावे, आणि पुढे तेच काम चालू ठेवायचे असेल तर मानधन द्यावे. आणि मुलांनाही खोटी आशा दाखवू नये. फ्रीकोडकॅम्पचे एकेक प्रमाणपत्र साधारण 300 तासांचे धरले जात असे. रोज दोन तास दिले तर पाच महिने झाले. प्रमाणपत्र म्हणजे नोकरीची हमी नाही. पण बांधून दाखवलेले काम हातात असले की मुलाखतीत बोलायला काहीतरी असते.

मंडळी म्हणून आपण काय करू शकतो? पुष्कळ चर्चच्या कचेरीत एक संगणक असतो आणि तो रविवारच्या गीतांच्या स्लाइडपुरता चालू होतो. बाकीचे सहा दिवस तो तरुणांना द्या. आपली जी मुले पुण्या-मुंबईत सॉफ्टवेअरमध्ये आहेत, त्यांनी आठवड्यातला एक तास फोनवरून शिकणाऱ्याच्या चुका पाहायला द्यावा. देणगीपेक्षा याचीच टंचाई जास्त आहे. तकोवा गावच्या श्रेष्ठांनी कामाला खांदा लावला नाही, ही नोंदही त्याच यादीत आहे आणि ती अजून वाचली जाते.

मी राहते ते असोदे हे बहिणाबाई चौधरींचे माहेर. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते, तरी शेतात आणि जात्यावर सुचलेली त्यांची गाणी मुलगा सोपानदेव व नात्यातल्या एका तरुणाने उतरवून घेतली, म्हणून 1952 साली ती पुस्तकरूपाने सर्वांपर्यंत पोहोचली. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. शाळेत न गेलेल्या माणसापाशीही ज्ञान असते. ते जपून उतरवून घेणारा शिकलेला हात मात्र जवळ असावा लागतो. पाड्यावरच्या मुलीच्या हातात संगणक आला, तर आपल्या लोकांची नोंद ती स्वतः ठेवील. दुसऱ्याने भरलेल्या रकान्यात तिला बसावे लागणार नाही. पेत्र म्हणतो त्याप्रमाणे मिळालेल्या कृपादानाचे आपण कारभारी आहोत, मालक नव्हे.

चिंतनासाठी प्रश्न

1. आपल्या मंडळीच्या 'घरासमोर' भिंतीचा कोणता भाग पडलेला आहे? वहीवर चाललेले कोणते काम सर्वांत जास्त वेळ खाते?
2. आपण लाभार्थ्यांचे फोटो व नावे छापतो तेव्हा त्यांची परवानगी घेतो का? त्यांना नाही म्हणता येईल अशी मोकळीक देतो का?
3. शिकणाऱ्या एका तरुणासाठी आठवड्यातला एक तास आपल्यातील कोण देईल?

प्रार्थना : हे प्रभू, सोनाराला आणि शल्लूमच्या मुलींना तू भिंतीवर जागा दिलीस. आमच्या मुलामुलींच्या हातांनाही काम दे, आणि त्यांना शिकवण्याइतका धीर आम्हांला दे. आमेन.