‘कैवारी’ आणि ‘सांत्वन’

प्रभू येशूने शिष्यांना ‘दुसऱ्या कैवाऱ्या’चे अभिवचन दिले (योहान १४:१६). तेथील मूळ ग्रीक शब्द ‘पाराक्लेतोस’, म्हणजे ‘जवळ बोलावलेला’. न्यायसभेत आरोपीच्या हाकेसरशी त्याच्या बाजूस येऊन उभा राहणाऱ्या मित्राला हे नाव असे. तो पेशाने वकील असेच असे नाही.

नव्या करारात हा शब्द पाचच वेळा आढळतो व तोही केवळ योहानाच्या लिखाणात: शुभवर्तमानात चारदा पवित्र आत्म्याविषयी, आणि पहिल्या पत्रात एकदा (२:१) प्रभू येशूविषयी. १६११ च्या इंग्रजी भाषांतराने शुभवर्तमानात ‘सांत्वनकर्ता’ व पत्रात ‘वकील’ अशा अर्थाचे दोन निराळे शब्द योजले. आपल्या मराठी शास्त्रात दोन्हीकडे ‘कैवारी’च आहे, त्यामुळे आत्मा ‘दुसरा’, तर पहिला कोण, हे आपणांस सहज कळते. गावच्या भांडणात कैवार घेणारा बहुधा आपल्या माणसाचा दोष झाकतो. योहानाच्या पत्रातील कैवारी मात्र नीतिमान आहे, आणि ज्याचा तो कैवार घेतो त्याने खरोखरच पाप केले आहे!

परंतु मराठीत एक धागा तुटला आहे. याच धातूपासून झालेले ‘पाराक्लेसिस’ हे नाम आपण कोठे ‘सांत्वन’, तर कोठे ‘बोध’ असे वाचतो. वृद्ध शिमोन ज्याची वाट पाहत होता ते इस्राएलाचे ‘सांत्वन’ (लूक २:२५) आणि बर्णबाच्या ‘बोधपुत्र’ या नावातील ‘बोध’ (प्रे. कृ. ४:३६) हा मुळात एकच शब्द. २ करिंथ १:३-७ या पाच वचनांत हे नाम व त्याचे क्रियापद मिळून दहा वेळा येतात. ते वचन पुन्हा वाचा, आणि ‘सांत्वन’ म्हणताना कैवाऱ्याचे स्मरण ठेवा.

दुःखिताच्या घरी जाऊन चार मऊ शब्द बोलणे, एवढाच सांत्वनाचा अर्थ आपल्याकडे उरला आहे. ईयोबाचे मित्र सांत्वनासाठीच आले होते. सात दिवस ते त्याच्याजवळ मुकाट्याने बसले, हे चांगलेच केले. पण तोंड उघडताच ते फिर्यादी झाले.

बर्णबाने काय केले ते पाहा. शौलाचा पालट झाला यावर यरुशलेमेतील शिष्यांचा विश्वास बसेना; सर्व त्याला भीत होते. तेव्हा बर्णबा त्याला स्वतः प्रेषितांकडे घेऊन गेला व त्याच्या वतीने बोलला (प्रे. कृ. ९:२६, २७). पुढे मार्क म्हटलेल्या योहानाला पौल बरोबर नेईना, तेव्हा बर्णबाने त्याचाही कैवार घेतला, आणि त्यापायी पौलाची सोबत सोडून तो मार्काला घेऊन कुप्रास गेला.