डावखुऱ्याची डिस्क उजवीकडे पडते

डिस्क गोल्फ म्हणजे डिस्क फेकत टोपलीपर्यंत नेण्याचा खेळ. त्यातली लांब फेकीची डिस्क, ड्रायव्हर, म्हणजे खेळण्यातली फ्रिसबी नव्हे. एटापल्लीत संध्याकाळी सरावाला येणारी पोरं ती हातात घेतात आणि लगेच झेलायला कुणाला तरी समोर उभं करतात. त्यांना पहिल्यांदा थांबवावं लागतं ते इथेच. ड्रायव्हर झेलायची नसते.

फ्रिसबीचा काठ गोल आणि बोथट असतो. ड्रायव्हरचा काठ दोन सेंटिमीटरच्या आसपास रुंद, आतून भरीव आणि बाहेर कोयत्याच्या पात्यासारखा निमुळता. 1983 साली अमेरिकेत डेव्ह ड्युनिपेस यांनी निमुळत्या काठाची 'ईगल' आणली आणि तिथून डिस्क हवा कापत लांब जाऊ लागल्या. मोठ्यांच्या डिस्कचं वजन साधारण 170 ग्रॅम. वजन फार वाटत नाही, पण ते बरंचसं काठात असतं. चारही बोटं आतल्या भिंतीला घट्ट लावायची, अंगठा वर. नीट सुटली तर तर्जनीवर हिसका बसतो. हिसका जाणवला नाही, तर डिस्कला फिरकी मिळालेली नाही असं समजा.

काही वर्षांपूर्वी जिल्ह्यातल्या एका शिबिरात मी मदतीला गेलो होतो. सकाळभर उजव्या हाताची मुलं बॅकहँडनं, म्हणजे हात छातीसमोरून आडवा काढत, फेकत होती. प्रत्येक डिस्क सरळ जाऊन शेवटी डावीकडे उतरायची. म्हणून वाट पाहणाऱ्या मुलांना उजव्या बाजूला, पुढच्या सावलीत बसवलं होतं. मग एक डावखुरा मुलगा आला. त्याची फेक सुरेख होती, सगळ्या सकाळभरातली सर्वांत सुरेख. डिस्क सरळ गेली, वेग उतरला, आणि ती उजवीकडे कलत थेट सावलीत शिरली. काठ एका मुलीच्या भुवईवर बसला. टाके घालावे लागले. डोळा थोडक्यात वाचला.

यामागचं कारण प्रत्येक शिकवणाऱ्याला ठाऊक हवं. डिस्कचा वेग कमी होतो तेव्हा हवा तिचा पुढचा काठ वर उचलू पाहते. पण फिरणारी वस्तू जिथे जोर लागतो तिथे न कलता बाजूला कलते. कोणत्या बाजूला, ते फिरकीवर ठरतं. उजव्या हाताच्या बॅकहँडची फिरकी वरून पाहिली तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं असते, म्हणून डिस्क डावीकडे उतरते. डावखुऱ्याची उलट. आणि उजव्या हाताच्या मुलानं फोरहँड मारला, म्हणजे हात त्याच बाजूनं पुढे झटकला, तरीही उलट! एकच पोरगा पकड बदलतो आणि डिस्क मैदानाच्या दुसऱ्या अंगाला पडते. म्हणून सुरक्षित बाजू अशी काही नसते. वाट पाहणाऱ्यांनी फेकणाऱ्याच्या मागे, चांगलं अंतर ठेवून उभं राहायचं. डिस्क आणायला जायचं ते सगळ्यांच्या फेकून झाल्यावर, आणि सगळ्यांनी मिळून.

आपल्याकडच्या मुलांना थाळीफेक माहीत असते, शालेय स्पर्धांमुळे. तिथे अडीच मीटरच्या वर्तुळाभोवती जाळी का लावतात, हे त्यांना सांगितलं की डिस्कचा धोका चटकन पटतो. पण थाळीची सवय ड्रायव्हरला मारक ठरते. एक-दोन किलोची थाळी चांगली उंच तिरकी सोडावी लागते. ड्रायव्हर तशी सोडली की नाक वर करून हवेतच अडते आणि धपकन बाजूला पडते. ती जवळजवळ सपाट सुटली पाहिजे. समोरचं वारं थाळीला लांब नेतं. ड्रायव्हरला मात्र तेच वारं भलतीकडे वळवतं. शेवटी डावीकडे उतरणारी डिस्क आधीच उजवीकडे झुकू लागते. म्हणून वारं सुटलं असेल तर लहानांच्या हाती ती देऊच नका.

डिस्कवर बहुधा चार आकडे असतात. पहिला वेगाचा. बारा-तेरा आकडा पाहून दुकानात हात तिकडेच जातो, कारण लांब जाणारी डिस्क कुणाला नको? पण तो आकडा ती डिस्क किती जोरात फेकावी लागते तेही सांगतो. तेवढा जोर मुलाच्या हातात नसतो, त्याची बोटंही त्या रुंद काठाला पुरत नाहीत. मग तो नुसत्या दंडानं ओढतो आणि कोपर दुखू लागतं. सुरुवात दोन-तीन वेगाच्या पटर, म्हणजे जवळून टोपलीत टाकायच्या डिस्कनं करा, 150 ग्रॅमच्या आसपासच्या. बांबूची टोपली काठीवर बांधून लक्ष्य केलं तरी चालतं. पटर सपाट आणि न डगमगता जाऊ लागली, मग सात वेगाची द्या. त्याहून मोठी द्यायची मला तरी घाई नाही.

रंग गुलाबी किंवा आकाशी घ्या. आपल्याकडे उन्हाळ्यात सागाची पानगळ झाली की तांबडी, नारिंगी डिस्क दोन हातांवर असूनही दिसत नाही. आणि झुडपात गेलेली डिस्क हातानं चाचपायची नाही, घोणस पाचोळ्याच्याच रंगाची असते. लांब काठीनं पाला हलवायचा, जरा थांबायचं, डिस्क काठीनंच उघड्यावर ओढायची. बांबूच्या बेटात तोडलेले खुंट टोकदार असतात. तिथे पोरांना धावत सोडू नका, पायात बूट असले तरी.