टर्बो उतरवण्याआधी काय तपासाल, किती खर्च येईल?

धारणीहून सेमाडोहमार्गे परतवाड्याकडे निघालेली डिझेल गाडी सपाटीवर बरी चालते, पण घाट लागला की ओढत नाही आणि मागे काळा धूर सोडते. बऱ्याचदा टर्बोकडून इंजिनाला हवेचा पुरेसा दाब मिळत नसतो. तेवढ्यावरून टर्बो बदलायला होकार देऊ नका. नवा टर्बो गाडीनुसार साधारण २० ते ४५ हजारांना पडतो आणि दोष कित्येकदा शंभर रुपयांच्या क्लिपमध्ये सापडतो.

आधी एअर फिल्टर पाहा. उन्हाळ्यातल्या धुळीने तो लवकर चोंदतो. नवा ३०० ते ७०० रुपयांत येतो. मग टर्बोपासून इंटरकूलरपर्यंत आणि तिथून इंजिनापर्यंत जाणारे होज पाइप. खरा घोळ बहुधा इथेच असतो. पाइपाच्या खालच्या बाजूची चीर उभ्या गाडीत दिसत नाही, दाब आला की उघडते. इंजिन थंड असताना पाइपाखालून हात फिरवा. जिथे तेलकट धूळ चिकटली असेल, तिथून हवा निसटते. पाइप ८०० ते ३,००० रुपये. उंदरांनी कुरतडलेली बारीक व्हॅक्यूम नळीही पाहून घ्या. ती तर शे-दोनशेत बदलते.

एवढ्याने भागलं नाही तर स्कॅनर लावा, ५०० ते १,००० रुपये. ‘पी०२९९’ हा कोड दाब कमी आहे एवढंच सांगतो, टर्बो खराब आहे असं नाही. गाडी चढावर चालवून अपेक्षित दाब आणि प्रत्यक्षातला दाब स्क्रीनवर दाखवायला सांगा.

दाब कमीच दिसला तर टर्बो तपासा. टर्बोची दांडी आडवी किंचित हलली तर चालतं. पुढे-मागे हलली किंवा पाती घासलेली दिसली, तर काम निघालं. टर्बोचा आतला फिरता भाग म्हणजे कार्ट्रिज बदलायला ८ ते १५ हजार, मजुरी वेगळी. त्याच वेळी ऑइल, फिल्टर आणि टर्बोला तेल पुरवणारी नळी बदललीच पाहिजे. ती चोंदलेली राहिली तर नवा टर्बोही जळतो.

निळा धूर येत असेल आणि ऑइल झपाट्याने कमी होत असेल तर गाडी चालवूच नका. डिझेल इंजिन स्वतःचंच ऑइल ओढून चावी बंद केल्यावरही सुसाट फिरू शकतं. गाडी अमरावतीला न्यायची तर धारणीहून ते अंतर सुमारे दीडशे किलोमीटर. टोइंगचं भाडं आधी ठरवून घ्या. गाडी वॉरंटीत असेल तर बाहेर खोलू देऊ नका. नसेल तर जुना भाग परत मागा आणि नव्या टर्बोचा नंबर पक्क्या बिलावर लिहून घ्या, गॅरंटी मागताना तोच लागतो.