घाम पाहून मीठ

एप्रिल लागला की आमच्या विदर्भातल्या दवाखान्यात दोन तक्रारी हमखास येतात. एक, ‘डॉक्टर, उन्हाळी लागली.’ लघवीला जळजळ होते. बहुतेकदा पाणी कमी पडलेलं असतं. जळजळ दोन दिवसांत थांबली नाही किंवा ताप आला तर मात्र लघवी तपासून घ्या. दुसरी तक्रार पिंडऱ्यांत गोळे येण्याची. ती घेऊन येतात वखरणी करणारे, पऱ्हाट्या उपटणारे, तेंदूपत्ता तोडणारे. ही माणसं पाणी भरपूर पितात, पण घामावाटे गेलेलं मीठ नुसत्या पाण्याने भरून येत नाही.

त्यांच्यासाठी माझा सल्ला एकच: पाण्याच्या कॅनबरोबर आंबील न्या. ज्वारीचं पीठ रात्री ताकात भिजवायचं, सकाळी पाणी घालून शिजवायचं, गार झालं की वरून ताक, ठेचलेला लसूण, जिरं आणि मीठ. आतड्यात साखर आणि मीठ एकत्र पोचले की पाणी झपाट्याने शोषलं जातं. जलसंजीवनी याच तत्त्वावर चालते, आणि ज्वारीतला स्टार्च पचून शेवटी साखरच होतो. तहान लागायची वाट न पाहता दर अर्ध्या तासाला थोडी थोडी घ्या. उरलेली आंबील मात्र संध्याकाळी पोरांना देऊ नका; पारा ४४ वर असताना ती टिकत नाही.

निखाऱ्यात भाजलेल्या कैरीचं पन्हंही उत्तम, चिमूटभर मीठ हवंच. ‘गुळाचं आहे, चालतं’ असं मधुमेही मंडळी मला ऐकवतात. नाही चालत. गूळही साखरच वाढवतो. तुम्ही ताक प्या.

पंख्याखाली बसून दिवस काढणाऱ्यांना हे जादा मीठ नको. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल, लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर पाणी आणि मीठ किती घ्यायचं ते आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

आणि खिशातला कांदा! तो ऊन थोपवत नाही. भाकरीबरोबर खाऊन टाका.

उन्हातला माणूस बरळू लागला, झोकांड्या खाऊ लागला, अंग भट्टीसारखं तापलं, तर उष्माघात समजा. घाम येत असला तरीही. अशा वेळी तोंडात पन्हं ओतू नका, ठसका लागून ते फुप्फुसात जाईल. १०८ ला फोन करा, सावलीत आणा, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओतून वारा घाला आणि रुग्णवाहिका येईपर्यंत हे चालूच ठेवा.