शब्बाथ शाळेंतील एक शरीर

शिक्षकांसाठीं पाठ. वाचावयाचा भाग : करिंथकरांस पहिलें पत्र, अध्याय ११, ओव्या १७ ते ३४, अध्याय १२, ओव्या १२ ते २७.

करिंथ येथील मंडळींत तट पडले होते. प्रभुभोजनास जमतांना कोणी आधींच पोटभर खाऊन घेत, आणि जे दरिद्री ते उपाशी राहून लज्जित होत. पौलानें त्यांस प्रथम या गोष्टीविषयीं कडक शब्दांनीं बजाविलें, आणि मग पुढच्या अध्यायांत शरीर व अवयव यांचा दृष्टान्त घातला. हा क्रम ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. ऐक्याचा बोध करण्यापूर्वीं लोक एकत्र जमून कसे जेवतात हें त्यानें पाहिलें. तोच नियम आपल्या शब्बाथ शाळेस लागू आहे. मुलें कोणतें वचन पाठ म्हणतात हें शिक्षक ऐकतोच; तीं कोणाजवळ बसतात हेंही त्यानें पाहिलें पाहिजे.

वर्गांतील बैठक न बोलतां शिकवीत असते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर लहानपणीं सातारा येथें शाळेंत जात, तेव्हां त्यांस इतर मुलांपासून दूर, घरून आणिलेल्या गोणपाटावर बसावें लागे. आणि शिपाई हजर नसला तर तहान लागली असतांही पाणी मिळत नसे. हें त्यांनींच लिहून ठेविलें आहे. त्याच सातारा शहरीं भाऊराव पाटील यांनीं १९२४ सालीं वसतिगृह काढिलें. तेथें निरनिराळ्या जातींचीं मुलें एकत्र राहत, एकत्र काम करीत व एका पंक्तीस जेवीत. शहर एकच, परंतु गोणपाटानें भेद शिकविला, आणि पंक्तीनें बंधुत्व शिकविलें. राज्यघटनेनें १९५० सालीं अस्पृश्यता बंद केली, तरी मनांतलें गोणपाट कायद्यानें निघत नाहीं. आपल्या मंडळींतही जुन्या घराण्यांचीं मुलें पुढें व नवीन आलेल्या कुटुंबांचीं मुलें दाराशीं, असें दिसत असेल तर आपण करिंथकरांस नांवें ठेवूं नयेत.

यास्तव शिक्षकांनीं पुढील गोष्टी कराव्या.

(१) बैठक. मुलांस गोलाकार बसवावें व दर रविवारीं जागा बदलाव्या. मागची रांगच नसली म्हणजे मागें कोणी राहत नाहीं.

(२) पाणी. घागर एकच असावी. ती भरण्याची पाळी सर्वांची असावी. एकट्या मुलींची किंवा एकाच आळीची नसावी.

(३) पाठांतर. ज्यास वाचतां येतें त्याच्याशीं ज्यास येत नाहीं त्याची जोडी लावावी. दोघांस वचन आलें म्हणजेच तें पाठ झालें असें समजावें.

(४) गैरहजेरी. जें मूल आलें नाहीं त्याच्या घरीं त्याच दिवशीं दोघां सोबत्यांनीं जाऊन यावें. नुसती फुली मारून शिक्षकानें स्वस्थ बसूं नये.

(५) ऊसतोडीस जाणारीं मुलें. दिवाळीच्या सुमारास कित्येक कुटुंबें ऊसतोडीस जातात तीं उन्हाळ्यांत परततात. त्यांच्या मुलांचीं नांवें हजेरीपटांतून काढूं नयेत. निघण्यापूर्वीं वर्गानें त्यांच्यासाठीं प्रार्थना करावी. दर रविवारीं त्यांचें नांव वाचावें, आणि सर्व वर्गानें "फडावर आहे" असें उत्तर द्यावें. ज्या मुलाची जागा अशी महिनेच्या महिने राखिली गेली, त्यास अवयव म्हणजे काय हें निराळें सांगावें लागत नाहीं.

कोणी पालक येऊन म्हणेल, "माझ्या मुलास त्याच्या शेजारीं बसवूं नका." त्याच्याशीं मुलांदेखत वाद करूं नये. त्याच्या घरीं जावें, वरील भाग त्याजबरोबर वाचावा, त्याजबरोबर प्रार्थना करावी. परंतु बैठक बदलूं नये. तेथें शिक्षक नमला, तर हा अध्याय वर्षभर शिकविला तरी व्यर्थ होय. कारण मुलें शिक्षकाच्या तोंडापेक्षां त्याच्या करणीकडे अधिक पाहतात.

जो अवयव उणा दिसतो त्यास देवानें अधिक मान दिला आहे, असें पौल शिकवितो. तर बंधूंनो, येत्या रविवारीं पुस्तक उघडण्यापूर्वीं दाराशीं कोण बसलें आहे तें पाहा. त्यास नांवानें हांक मारून आंत घ्या, आणि मग पाठास आरंभ करा.