रोग्याला हात न लावणारा प्राध्यापक

प्रश्न : माझी भाची संख्याशास्त्रात एम.एस्सी. करते आहे. पुढे जैवसंख्याशास्त्रात पीएच.डी. करून सार्वजनिक आरोग्याच्या संस्थेत शिकवायचे आणि संशोधन करायचे, असे तिने ठरवले आहे. ती डॉक्टर नाही, रोग्याला तपासणार नाही, औषध शोधणार नाही. मग अशा माणसाला वैद्यकाच्या जगात प्राध्यापकाची खुर्ची कशासाठी देतात? आणि तो आयुष्यभर नेमके करतो काय?
— एक वाचक, बार्शी

उत्तर : औषध घेतले आणि माणूस बरा झाला, तर तो औषधाने बरा झाला की तसाही होणारच होता? हे रोग्याला कळत नाही आणि पुष्कळदा डॉक्टरलाही कळत नाही. ते कळायचे तर औषध न घेतलेल्या, पण बाकी बाबतींत तशाच असलेल्या माणसांशी तुलना करावी लागते. ही तुलना पक्षपात न होता कशी करायची, किती माणसांवर करायची आणि निघालेल्या उत्तरावर किती भरवसा ठेवायचा, हे ठरवणे जैवसंख्याशास्त्रज्ञाचे काम. त्याची खुर्ची त्यासाठी असते. त्या खुर्चीचे मोल ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांच्या आयुष्यावरून फार चांगले कळते.

हिल यांचा जन्म १८९७ सालचा, लंडनचा. त्यांना डॉक्टर व्हायचे होते. पहिल्या महायुद्धात ते वैमानिक झाले, १९१७ मध्ये क्षयाने त्यांना गाठले आणि वैद्यकाचा रस्ता बंद झाला. आजारपणातच टपालाने अभ्यास करून त्यांनी लंडन विद्यापीठाची अर्थशास्त्राची पदवी १९२२ मध्ये मिळवली. ग्रीनवुड या ज्येष्ठ संख्याशास्त्रज्ञाने त्यांना संशोधनात आणले. कार्ल पिअर्सन यांच्या व्याख्यानांना बसून ते संख्याशास्त्र शिकले. १९३३ मध्ये लंडन स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिन या संस्थेत रीडर आणि १९४५ मध्ये तिथेच प्राध्यापक, असा त्यांचा प्रवास झाला. मधल्या काळात, १९३७ मध्ये, त्यांनी ‘द लॅन्सेट’ या साप्ताहिकात डॉक्टरांना समजेल अशा भाषेत संख्याशास्त्रावर लेखमाला लिहिली. तिचे पुस्तक झाले आणि डॉक्टरांच्या कित्येक पिढ्या त्यावर शिकल्या.

मग आला स्ट्रेप्टोमायसिनचा प्रश्न. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनकडे या नव्या औषधाचा साठा थोडा होता आणि परदेशातून आणखी घ्यायला डॉलर नव्हते. सगळ्या क्षयरोग्यांना पुरेल एवढे औषध नव्हतेच. मग ते कोणाला द्यायचे? डॉक्टरांवर सोपवले असते, तर कोणी बरे होण्याची आशा असलेल्यांना दिले असते, कोणी अगदी अखेरच्या टप्प्यावर असलेल्यांना. दोन्ही प्रकारांत तुलना बिघडली असती. हिल यांनी यदृच्छेने, म्हणजे कोणाच्याही मर्जीवर न ठेवता, आधीच तयार केलेल्या यादीनुसार रोगी वाटले. नेमणूक बंद पाकिटात असे आणि रोगी चाचणीत दाखल झाल्यावरच पाकीट उघडले जाई. एकूण रोगी १०७. त्यांतल्या ५५ जणांना अंथरुणातील विश्रांतीबरोबर औषध मिळाले, ५२ जणांना त्या काळचा नेहमीचा उपचार, म्हणजे फक्त विश्रांती. क्ष-किरण चित्रे पाहणाऱ्यांना कोणते चित्र कोणत्या गटातले हे सांगितले नव्हते. सहा महिन्यांनी औषधाच्या गटात ४ मृत्यू होते, दुसऱ्या गटात १४. हा निष्कर्ष १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला. एकट्या स्ट्रेप्टोमायसिनला जंतू लवकरच दाद देईनासे होतात, हेही याच चाचणीत दिसले. म्हणून पुढे दोन औषधे एकत्र देण्याची चाचणी आखली गेली. औषधाचा गुण आणि त्याची मर्यादा, दोन्ही एकाच काटेकोर मांडणीतून हाती आले.

त्याच सुमारास इंग्लंडमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू झपाट्याने वाढत होते. मोटारींचा धूर, रस्त्यांवरचे डांबर, असे संशय घेतले जात. हिल आणि त्यांचे सहकारी रिचर्ड डॉल यांनी लंडनच्या रुग्णालयांतले कर्करोगाचे रोगी आणि त्यांच्याच वयाचे, पण इतर आजारांचे रोगी यांची तुलना केली. १९५० मध्ये त्यांनी मांडलेल्या आकड्यांनुसार फुप्फुसाचा कर्करोग झालेल्या ६४९ पुरुषांत धूम्रपान न करणारे फक्त २ होते. तेवढ्याच इतर रोगी पुरुषांत ते २७ होते. पण रोगी झाल्यावर विचारलेल्या सवयींवर किती विसंबायचे, ही शंका उरतेच. म्हणून १९५१ मध्ये त्यांनी ब्रिटनमधल्या डॉक्टरांनाच त्यांच्या सवयी विचारल्या. सुमारे ४०,००० डॉक्टरांनी उत्तरे पाठवली आणि पुढे कोण कशाने दगावतो याची नोंद ठेवली गेली. हा पाठपुरावा पन्नास वर्षे चालला. हिल १९९१ मध्ये वारले आणि पन्नास वर्षांचा हिशेब २००४ मध्ये आला : आयुष्यभर सिगारेट ओढणारे सरासरी दहा वर्षे आधी जातात, आणि तिशीत सवय सोडली तर हे नुकसान जवळजवळ सगळे टळते. भाचीने मनाशी हे धरावे की या क्षेत्रात काही प्रश्नांची उत्तरे एका माणसाच्या नोकरीच्या काळात बसत नाहीत.

यदृच्छेने गट करून तुलना करण्याच्या या पद्धतीचा आपल्याकडे थेट लाभ झाला आहे. क्षय म्हटले की पाचगणी किंवा मिरजेची सॅनिटोरियम, महिनोन्‌महिने विश्रांती, दूध-अंडी आणि मोकळी हवा, ही कल्पना आजी-आजोबांच्या पिढीत पक्की होती. ज्याला ते परवडत नसे, त्याच्यासाठी काहीच नव्हते. १९५६ मध्ये मद्रासमध्ये सुरू झालेल्या क्षयरोग केंद्रात भारतीय आणि ब्रिटिश संशोधकांनी रोग्यांचे यदृच्छेने दोन गट केले. एका गटावर सॅनिटोरियममध्ये उपचार झाले, दुसऱ्यावर स्वतःच्या घरी, गरिबीतल्या अपुऱ्या आहारावर. गोळ्या दोघांना त्याच. १९५९ मध्ये निकाल आला : घरचे रोगी जवळजवळ तितकेच बरे झाले आणि घरच्यांना त्यांच्यापासून होणारी लागणही वाढली नाही. आज क्षयाच्या गोळ्या घरी राहून घेता येतात, त्यामागे ही तुलना आहे.

अलीकडचे उदाहरण मुंबईचे. टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ पासून शहरातल्या झोपडवस्त्यांत सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. आरोग्य सेविकांनी व्हिनेगरसारखे सौम्य आम्ल लावून गर्भाशयमुखाची डोळ्यांनी तपासणी करायची, एवढीच पद्धत. २०१३ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षानुसार गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. इथे यदृच्छेने निवडल्या त्या स्त्रिया नव्हे, वस्त्या. एका वस्तीतल्या बायकांचे पाणी, दवाखाना, राहणीमान सारखे असते, त्यामुळे दीड लाख बायका म्हणजे दीड लाख सुटी उत्तरे नव्हेत. हा हिशेब चुकला, तर खोटा आत्मविश्वास येतो. ज्या वस्त्यांत तपासणी केली नाही, तिथल्या स्त्रियांवर अन्याय झाला, अशी टीकाही या अभ्यासावर झाली. ती गंभीर आहे. तुलना कोणाच्या जिवावर करायची, हा प्रश्न आखणी करणाऱ्याला टाळता येत नाही.

आता रोजच्या कामाकडे वळू. विद्यापीठातल्या जैवसंख्याशास्त्रज्ञाचे संशोधन दोन वाटांनी चालते. एका वाटेवर तो नव्या पद्धती शोधतो : माहिती अर्धवट असेल तर काय करायचे, माणसे मध्येच गळाली तर काय. दुसऱ्या वाटेवर तो डॉक्टरांबरोबर त्यांच्या प्रश्नांवर काम करतो, आणि तिथे शोधनिबंधावर त्याचे नाव बहुधा मधेच कुठेतरी असते. वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना शिकवणे आणि त्यांच्या प्रबंधांची आखणी तपासणे हा मोठा भाग. शिवाय चालू चाचणीवर लक्ष ठेवणाऱ्या स्वतंत्र समितीत तो लागतोच, कारण औषध घातक ठरते आहे की इतके गुणकारी की दुसऱ्या गटाला वंचित ठेवणे अनुचित, हे वेळेत ओळखावे लागते.

या कामाला गणिताइतकेच जगाचे भान लागते. बीड जिल्ह्यात डिसेंबरात घरोघर सर्वेक्षण केले, तर ऊसतोडीला गेलेली कुटुंबे सापडणार नाहीत. मागे राहिलेल्यांवरून जिल्ह्याच्या पोषणाचे चित्र काढले, तर ज्यांची काळजी सर्वांत जास्त करायची, तेच त्यातून गळतात. हे कोणत्याही संगणकाला आपोआप कळत नाही.

मराठी माणसाला या वाटेवर एक थोर पूर्वसूरी आहे. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ मध्ये जन्मलेले पां. वा. सुखात्मे फर्ग्युसन महाविद्यालयातून लंडनला गेले आणि तिथे डॉक्टरेट घेऊन परतल्यावर कोलकात्याच्या ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ हायजीन अँड पब्लिक हेल्थमध्ये शिकवू लागले. पुढे शेतीची सर्वेक्षणे, रोममधली संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना आणि निवृत्तीनंतर पुण्यात भूक व कुपोषण कसे मोजायचे यावरचे मूलभूत, वादही ओढवून घेणारे काम त्यांनी केले.

आजच्या विद्यार्थिनीला दूर जायची गरज नाही. मुंबईत देवनारला आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. १९९२-९३ पासून राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण याच संस्थेकडे आहे. चेन्नईची राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्था आणि वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज हीही या विषयाची जुनी ठिकाणे. पीएच.डी. करताना तिने डॉक्टरांच्या बैठकीत बसावे, आशाताईंबरोबर वस्तीत फिरावे आणि नोंदवहीतला आकडा कसा तयार होतो हे पाहावे.

हिल यांनी १९६५ मध्ये एका व्याख्यानात, दोन गोष्टी बरोबरीने दिसल्या तर त्यांतली एक दुसरीचे कारण आहे असे कधी म्हणावे, यासाठी नऊ कसोट्या मांडल्या. शेवटी त्यांनी बजावले की शास्त्रातला पुरावा कधीच पूर्ण नसतो, आणि म्हणून हाती आहे त्या ज्ञानावर करायची कृती पुढे ढकलण्याची मुभा मिळत नाही. जैवसंख्याशास्त्रज्ञाची खुर्ची या दुहेरी जबाबदारीची आहे : आपल्याला किती खात्री आहे ते खरे सांगणे, आणि तेवढी खात्री पुरेशी असेल तेव्हा सरकारला आणि समाजाला गप्प बसू न देणे. भाचीला हे दोन्ही करायचे असेल, तर तिला आनंदाने जाऊ द्या.