सर्व्हरला नवी डिस्क जोडताना

‘क्लाउड’ म्हणजे ढग. पण क्लाउड सर्व्हर काही आकाशात नसतो. तो जमिनीवरच्याच एखाद्या केंद्रातील संगणकाचा भाड्याने घेतलेला हिस्सा असतो. ॲमेझॉन कंपनीने मुंबईत अशी सेवा २०१६ साली सुरू केली. समजा, तेथील तुमच्या सर्व्हरची डिस्क भरत आली. मग काय कराल?

वेगळी डिस्क भाड्याने घेऊन जोडता येते. ती त्याच संगणकात नसते; जाळ्यामार्फत जोडली जाते. म्हणून अंतराला महत्त्व येते. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. डिस्क १०० किलोमीटर दूर असेल, तर जाण्यायेण्यास १ मिलिसेकंद लागेल. एकामागून एक १० लाख वेळा माहिती वाचायची झाल्यास नुसत्या प्रवासात १००० सेकंद, म्हणजे जवळजवळ १७ मिनिटे जातील! ॲमेझॉनच्या या सेवेत डिस्क व सर्व्हर एकाच विभागात असावे लागतात.

जोडलेली डिस्क लिनक्स प्रणालीच्या यादीत दिसते, पण तिच्यात फाइल ठेवता येत नाही. कोरी डिस्क म्हणजे कप्पे नसलेले कपाट. प्रथम तिच्यावर फाइलप्रणाली तयार करावी लागते. येथे सावध! वापरातील डिस्कवर ही क्रिया केली, तर जुनी माहिती गेलीच समजा. म्हणून डिस्क खरोखर कोरी आहे ना, हे आधी तपासावे.

पुढची पायरी ‘माउंट’. लिनक्समध्ये सर्व फायली एकाच झाडावर असतात. त्या झाडाच्या एका फांदीवर नव्या डिस्कचे कलम बांधणे, म्हणजे माउंट करणे. बेल लॅबोरेटरीजमधील यूनिक्स प्रणालीच्या १९७१ सालच्या पहिल्या माहितीपुस्तिकेतही ही आज्ञा होती. ‘साठा’ नावाच्या रिकाम्या फोल्डरवर डिस्क माउंट केली, की ‘साठा’त ठेवलेली प्रत्येक फाइल नव्या डिस्कवर जाते.

परंतु सर्व्हर बंद होऊन पुन्हा सुरू झाला, की हाताने बांधलेले कलम सुटते. ‘साठा’ फोल्डर मात्र दिसतच राहते! त्यात लिहिलेली माहिती आता मूळ डिस्कवर जाते आणि ती भरू लागते. हे टाळण्यासाठी ‘एफएसटॅब’ या फायलीत कायमची नोंद करतात. डिस्कचे नाव बदलू शकते. म्हणून नोंद फाइलप्रणालीच्या ओळखक्रमांकाने करावी.

आता एक प्रश्न. कलम सुटलेले असताना ‘साठा’त १० फायली ठेवल्या आणि मग डिस्क पुन्हा माउंट केली. त्या १० फायली दिसेनाशा झाल्या. त्या नष्ट झाल्या, की नुसत्या झाकल्या गेल्या? कलम सोडवून पाहिल्यास काय दिसेल? विचार करा.